न्हाणीघर कोणाच्या मापाचे?

घर आणि उतारवय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जिन्याच्या कठड्यांविषयी लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहिले होते, की वडीलधाऱ्या माणसांसाठी घरातली सर्वांत अवघड जागा जिना नसून न्हाणीघर आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या महिन्याचे सदर त्याच विषयासाठी राखून ठेवले आहे. पत्रे सोलापुरातल्या घरांविषयीच आहेत. सारख्या आशयाच्या पत्रांतून एकेकच निवडले आहे, आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात रो-हाउसमध्ये राहतो. आईचे वय ७८, उंची जेमतेम ४ फूट १० इंच, आणि दोन्ही गुडघे दुखतात. तिच्या खोलीला लागून ५ बाय ७ फुटांचे बाथरूम आहे. फरशी चकचकीत पांढरी आहे आणि दारात ४ इंचांचा उंबरा आहे. गेल्या महिन्यात ती त्याच उंबऱ्याला अडखळली, दार धरून कशीबशी सावरली. आता सगळे तोडून नवे करायचे आहे. आईची अट एकच, "दवाखान्यासारखं करू नका." जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बहिणी येतात, त्याआधी काम व्हावे अशी इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी शिवणकामाची टेप घ्या आणि आईंना अनवाणी पायांनी खुर्चीवर ताठ बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर मोजा. त्यांच्या उंचीला ते १५ इंचांच्या आसपास भरेल. हे माप हातात असणे फार गरजेचे आहे, कारण हल्ली ज्येष्ठांसाठी म्हणून दुकानात सरसकट १८-१९ इंच उंचीचे कमोड दाखवतात. उंच माणसाला किंवा चाकाच्या खुर्चीवरून सरकून बसणाऱ्याला ती उंची सोयीची असते. तुमच्या आईंचे पाय मात्र त्यावर बसल्यावर लोंबकळतील, टाचा टेकणार नाहीत, आणि उठताना जमिनीचा रेटा मिळणार नाही. गुडघे दुखणाऱ्याला बैठक खळगीच्या मापापेक्षा इंच-दोन इंच उंच असली की उठणे हलके जाते, म्हणून त्यांच्यासाठी सीटसकट १७ इंचांच्या आत-बाहेरची उंची धरावी. भिंतीवर टांगायचा कमोड घेतलात तर ही उंची बसवतानाच ठरवता येते, आणि खालची फरशी मोकळी राहिल्याने पुसायलाही सोपे जाते. प्लंबरला हे माप तोंडी सांगू नका. तयार फरशीच्या पृष्ठभागापासून, सीट धरून, असे कागदावर लिहून द्या. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत माप कच्च्या कोब्यापासून, म्हणजे फरशीखालच्या थरापासून, धरले गेले आणि वर फरशी चढल्यावर कमोड दोन इंचांनी बुटका झाला.

त्यानंतर एक सकाळ राखून ठेवा. आईंना अंगावरच्या कपड्यांनिशी, कोरड्या बाथरूममध्ये, रोज जसे वावरतात तसे वावरायला सांगा आणि त्यांचा हात कोठे कोठे जातो ते पाहा. दाराची चौकट, बेसिनची कड, नळ, टॉवेलची दांडी, अशा चार-पाच जागा सापडतील. त्या प्रत्येक जागी खडूने खूण करा. आधाराचे दांडे, ज्यांना दुकानदार ग्रॅब बार म्हणतात, ते तेथेच बसायला हवेत. पुस्तकातले आकडे त्यानंतर उपयोगी पडतात : कमोडशेजारच्या भिंतीवर आडवा दांडा बैठकीच्या वर २० ते २५ सेंटिमीटर, त्याच्या पुढच्या टोकाशी उठताना ओढून धरायला एक उभा दांडा, अंघोळीच्या जागी एक, आणि दारातून आत येताना एक उभा. दांड्याची जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर असावी म्हणजे मूठ पूर्ण मिटते, आणि भिंत व दांडा यांच्यामध्ये ४ सेंटिमीटरचीच फट असावी. फट त्याहून मोठी असली तर हात निसटून कोपरापर्यंत आत अडकण्याची भीती असते.

येथे एक कळकळीची विनंती करते. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. ती ओल्या टॉवेलचे वजन पेलण्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकच्या गट्टीत छोट्या स्क्रूने बसवलेली असते, आणि घसरणारा माणूस तिच्यावर सगळा भार एका झटक्यात टाकतो. आधाराच्या दांड्याने किमान ११५-१२० किलो भार पेलला पाहिजे, त्यासाठी तो पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनरने, म्हणजे भिंतीत फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने, बसवावा लागतो. तुमची आतली भिंत ४ इंचांची किंवा हलक्या ब्लॉकची असेल, तर भिंत उघडी असतानाच दांड्याच्या जागी काँक्रीटची पट्टी भरून घ्या. रबरी चोषकाने टाइलला चिकटणारे दांडे स्वस्त असतात आणि जाहिरातीत छान दिसतात. सोलापूरच्या क्षारयुक्त पाण्याचा थर टाइलवर चढला की त्यांची पकड कधी सुटेल सांगता येत नाही. ते घेऊ नका.

फरशीसाठी मॅट आणि अँटी-स्किड एवढे शब्द पुरेसे नाहीत. फरशी घसरण किती रोखते याची आर ९ पासून आर १३ पर्यंतची श्रेणी खोक्यावर छापलेली असते. आर ९ ही कोरड्या खोलीसाठी असते, ओल्या जागेत आर १० च्या खाली उतरू नये, आणि प्रत्यक्ष अंघोळीच्या भागात आर ११ घ्यावी. त्याहून खरखरीत फरशी घरात नको, कारण तिच्यात साबणाचा मळ धरतो आणि म्हाताऱ्या, पातळ झालेल्या त्वचेला ती बोचते. दुकानदाराला नमुन्याची टाइल खाली ठेवायला सांगा, तिच्यावर साबणाचे पाणी ओता आणि स्वतःचा अनवाणी पाय फिरवून पाहा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. टाइल ३० बाय ३० सेंटिमीटरची किंवा त्याहून लहान निवडा. सध्या दोन बाय चार फुटांच्या टाइल्सची चलती आहे, पण इतक्या मोठ्या टाइलला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या तोंडाकडे, नीट उतार देता येत नाही, आणि उतार चुकला की कोपऱ्यात पाणी साचून राहते. लहान टाइल्सना सांधे जास्त येतात आणि त्या सांध्यांवर पाय अडतो, हा वेगळा फायदा.

उंबरा काढून टाका. तो काढला तर पाणी खोलीत येईल, असे गवंडी म्हणेल, आणि उतार नीट दिला नाही तर त्याचे म्हणणे खरेही ठरेल. म्हणून अंघोळीची जागा दारापासून सर्वांत लांबच्या टोकाला घ्या, उतार दाराकडून तिकडे ८० ला १ असा द्या, आणि अंघोळीच्या व कोरड्या भागाच्या सीमेवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाळीची लांब चॅनेल टाका. मध्ये काचेची भिंत नको, पडदा पुरे. उद्या आईंना कोणाची मदत लागली, तर मदत करणाऱ्याला काचेच्या आत उभे राहायला जागा उरत नाही.

दार ८० ते ९० सेंटिमीटर मोकळे असावे आणि ते बाहेर उघडावे किंवा भिंतीवर सरकावे. आत उघडणाऱ्या दाराचा धोका पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : माणूस आत पडला तर त्याच्याच शरीराने दार अडते आणि बाहेरच्यांना ते उघडता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी मिळते, ती लावा.

आता दवाखान्याविषयी. दवाखाना आठवतो तो दांड्यांमुळे नाही. पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरा कमोड आणि वर पांढरी ट्यूब यांच्यामुळे आठवतो. त्यातून मोतीबिंदू असलेल्या किंवा नजर अधू झालेल्या माणसाला पांढऱ्यावरचे पांढरे दिसतच नाही, कमोडची कड कोठे संपते हे हाताने चाचपावे लागते. फरशी करड्या किंवा मातकट रंगाची घ्या, कमोडमागची भिंत गडद हिरवी किंवा वीटकरी करा, अंघोळीच्या भागाची फरशी एक छटा गडद घ्या, म्हणजे दिसायला सुंदर आणि वावरायला सुरक्षित अशा दोन्ही गोष्टी एकाच खर्चात साधतात. दांडे चकचकीत स्टीलचेच असतात असेही नाही; पावडर कोटिंग केलेले काळे किंवा पितळी रंगाचे दांडे मिळतात, आणि तोच रंग नळांना व टॉवेलच्या दांडीला घेतला तर आधाराचा दांडा वेगळा उठून दिसत नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणून दिवे दुप्पट लावा, पण उघडा बल्ब डोळ्यांवर येऊ देऊ नका. पलंगापासून कमोडपर्यंत जमिनीलगत, माणूस हलताच आपोआप लागणारा मंद दिवा मात्र टाळू नका. वयस्कर माणसाला रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि झोपेतून उठून मोठा दिवा लावला की क्षणभर काहीच दिसत नाही.

अंघोळीला बसण्यासाठी आई पाट किंवा बुटका स्टूल वापरत असतील तर तो बदला. भिंतीला लागून, गुडघ्याच्या त्याच मापाने, गोल कडांचा पक्का कट्टा बांधा किंवा मिटवता येणारी बैठक लावा. हँड शॉवर बसल्या हाताशी यावा. आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या दिवशी उटणे-तेल लावणे जरूर व्हावे, पण ते खोलीत, पलंगावर नव्हे तर खुर्चीवर बसून, आणि तळपायांना तेल न लावता; तेलाचे पाऊल कोणत्याही श्रेणीच्या टाइलवर घसरते.

वेळेचे म्हणाल, तर तोडफोड, नळजोडणी, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), वॉटरप्रूफिंग, त्यानंतर ४८ तास पाणी भरून गळती पाहणे, मग फरशी आणि सांधे भरणे, यांना तीन आठवडे धरा. पाणी भरून ठेवण्याचे दोन दिवस घाईपायी कोणालाही कापू देऊ नका. दिवाळी आटोपल्यावर लगेच हात घातला तर गड्ड्याआधी निवांत होईल. तेवढे दिवस आई अंघोळ कोठे करणार, हे पहिला हातोडा पडण्याआधी ठरलेले असावे. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमसाठी त्यांना जिना चढायला लावू नका.

प्रश्न : आम्ही पूर्व भागात भाड्याच्या जुन्या, दगड-मातीच्या घरात राहतो. वडील ८१ वर्षांचे आहेत, आयुष्यभर मागावर काम केले. संडास अंगण ओलांडून पलीकडे आहे आणि तो खाली बसण्याचा आहे. घरमालक भिंतीला खिळाही ठोकू देत नाहीत, आणि आमच्याकडे दहा-पंधरा हजारांच्या वर पैसे नाहीत. काही करता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्या पैशांतच येईल. तुमच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे भिंती दगड-मातीच्या आहेत, तेव्हा मालकांनी परवानगी दिली असती तरी मी त्यांत दांडा बसवायला सांगितले नसते. मातीच्या सांध्यात फास्टनर टिकत नाही, आणि भरवशाचा वाटणारा दांडा हातात येणे हे दांडा नसण्यापेक्षा वाईट. त्याऐवजी फॅब्रिकेशनवाल्याकडून उलट्या यू आकाराचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वाकवून घ्या आणि त्याचे दोन्ही पाय संडासाच्या बाजूला जमिनीत फूटभर खोल काँक्रीटमध्ये रोवा. पाइप एक इंची घ्या. तो बाहेरून सुमारे ३४ मिलिमीटर भरतो, म्हणजे मुठीला अगदी बरोबर. भिंतीला हात लागत नाही आणि घर सोडताना जमीन पूर्ववत करून देता येते, हे मालकांना समजावून सांगितले तर ते बहुधा अडवणार नाहीत.

खाली बसण्याच्या भांड्यावर ठेवायची, मध्ये मोकळी असलेली स्टीलची कमोड खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. हात टेकायला दोन्ही बाजूंना आधार असलेलीच घ्या, चारही पाय सपाट टेकतात का ते स्वतः बसून पाहा, आणि पायांचे रबरी बूट झिजले की लगेच बदला. अंगणातल्या शहाबादी फरशांपैकी ज्या डुगडुगतात त्या आधी पक्क्या करा आणि वाटेवर एक सेन्सरचा दिवा लावा. रात्री मात्र वडिलांनी अंगण ओलांडू नये. पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवण्यात कमीपणा काही नाही, ही गोष्ट त्यांच्याशी मुलाने एकट्याने, इतरांसमोर न बोलता, काढावी.

राज्य सरकारची २०२४ सालची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी ३,००० रुपये खात्यात देण्यासाठी आखलेली आहे, आणि तिच्या यादीत कमोड खुर्ची आहे. समाजकल्याण विभागाच्या कार्यालयात अर्जाची चौकशी करा.

प्रश्न : मी ६९ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. रेल्वे लाइन्स भागात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे बाथरूममध्ये तीन पिंपे भरून ठेवावी लागतात आणि अंघोळीला उभे राहायलाही जागा उरत नाही. गॅस गिझर बाथरूममध्येच आहे, थंडीत खिडकी लावून घेते. मला नवे काही बांधायचे नाही, पण सुरक्षित राहायचे आहे.

उत्तर : बाई, पाण्याविषयी बोलण्याआधी गिझरविषयी बोलते, कारण तुमच्या पत्रातले खिडकी लावून घेण्याचे वाक्य वाचून मला काळजी वाटली. बंद जागेत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला चक्कर येते आणि मदत मागण्याआधी शुद्ध हरपते. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीसारख्या उघड्या जागी हलवा, आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ द्या. हे काम होईपर्यंत पाणी स्वयंपाकघरात तापवा, नाहीतर बादली भरून गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच अंघोळीला आत जा. विजेचा गिझर घ्यायचे ठरवले, तर अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय तो सुरू करू नका. बादलीत सोडायचा हीटरचा रॉड एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात असूच नये.

उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून येणारे पाणी साठवण्याला आपल्या शहरात पर्याय नाही, तेव्हा पिंपे राहणारच. ती फक्त न्हाणीघरात राहू नयेत. त्यांतली दोन बाल्कनीत किंवा स्वयंपाकघराजवळ लोखंडी घोडीवर चढवा, त्यांना तळाशी तोटी बसवून घ्या आणि तोटीला नळी लावून पाणी बादलीत सोडा. २० लिटरची भरलेली बादली २० किलोंची असते, आणि ओल्या फरशीवर ती उचलून वळताना होणारा अपघात मी फार पाहिला आहे. बादली उचलायचीच नाही, असा नियम करा. अंघोळीच्या जागी सव्वा फूट उंचीचा शहाबादी कट्टा किंवा पक्के स्टूल ठेवून बादली कायम त्यावर राहू द्या, शेजारी पाठ असलेली खुर्ची ठेवा, म्हणजे तांब्या घेताना वाकावेही लागणार नाही.

एकटीने राहताना दाराला आतून कडी लावू नका. घराचे मुख्य दार बंद असताना न्हाणीघराची कडी कोणासाठी लावायची? फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बसल्या जागेवरून नव्हे तर फरशीवर पडले असताना हात पोहोचेल इतक्या खाली टांगा. एक किल्ली शेजारी द्या आणि सकाळच्या ठरलेल्या वेळी त्यांच्याशी बोलणे होईल असे पाहा. शिवाय १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा.

प्रश्न : गवंडी ग्रॅनाइट घ्या म्हणतो, सासूबाई शहाबादीच हवी म्हणतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर : सासूबाईंचे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी ही फरशी पॉलिश न करता घेतली तर ओल्या पायाला चांगली पकड देते, आणि पॉलिश केलेले ग्रॅनाइट ओले झाले की तेवढेच धोक्याचे. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे तिच्यावर ॲसिड कधीही टाकू नये. ॲसिडने ती खाल्ली जाते, खड्डे पडतात आणि त्यांत शेवाळ धरते. सौम्य साबण, ताठ ब्रश आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसणे, एवढे पुरते. आणि अंघोळीनंतर पाय पुसायला जुना टॉवेल दुमडून फरशीवर टाकण्याची आपल्या घरोघरची सवय सोडा. आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम आहे, पण फरशीवर टाकलेला कोणताही सुटा टॉवेल पायाखालून सरकतो. खाली पूर्ण रबर असलेले पायपुसणेच ठेवा.

प्रश्न : गच्चीवर सोलर बसवल्यापासून वडिलांचा पाय दोनदा भाजला. त्यांना मधुमेह आहे. नळ तर ते नीट फिरवतात.

उत्तर : नळ नीट फिरवूनही हे होते. आपल्या उन्हात सोलरच्या टाकीतले पाणी ६० अंशांच्या वर सहज जाते, आणि ६० अंशांच्या पाण्याने पाच-एक सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. तेच ५० अंशांच्या खाली असेल तर काही मिनिटे लागतात, तेवढ्यात माणूस बाजूला होऊ शकतो. मधुमेहात तळपायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे चटका बसल्याचे वडिलांना उशिरा कळते. त्यातून एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतले गार म्हणवले जाणारे पाणीही कढत असते, म्हणजे विसाण घालायला गार पाणी उरतच नाही.

यावर उपाय म्हणजे थर्मोस्टॅटिक मिक्सर. त्यावर ३८ ते ४० अंश ठरवून दिले की तो त्याहून गरम पाणी सोडत नाही आणि गार पाणी अचानक बंद पडले तर गरमही बंद करतो. घेताना तुमच्या टाकीच्या उंचीने मिळणारा दाब त्याला पुरेल का हे विचारा, आणि क्षारांमुळे त्याची जाळी चोंदते म्हणून दर दोन महिन्यांनी ती साफ करून घ्या. गार पाण्याच्या टाकीवर सावली करा. मिक्सर बसेपर्यंत बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि तपासायला पाय न घालता कोपर, हा क्रम घरातल्या सर्वांनी पाळावा.

प्रश्न : मी पुण्यात असते, आईबाबा सात रस्त्याजवळच्या आमच्या जुन्या घरी. बाबा ७४ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी दांडे बसवायला माणूस पाठवला तर बाबांनी त्याला दारातून परत पाठवले. "मी काही अपंग झालेलो नाही," म्हणाले. ते अजून पडलेले नाहीत, पण मला रात्री झोप लागत नाही.

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. माझ्या आईनेही हेच म्हटले होते. मी बांधकामाच्या व्यवसायात, लोकांची घरे आखून देणारी, आणि आईच्या न्हाणीघरात दांडा बसवायचे दोन वर्षे पुढे ढकलत राहिले, कारण तिला राग येईल अशी भीती वाटत होती. एका पहाटे तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रियेनंतर ती चालू लागली, पण एकटीने दार लोटून अंघोळ करणे तिला त्यानंतर कधीच जमले नाही, आणि तिला सर्वांत जास्त सलले ते तेच. दुसऱ्याच्या हातून अंघोळ घालून घेताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

म्हणून बाबांशी बोलताना पडण्याची भीती घालू नका. त्यांना हे सांगा, की दांडा असला तर पुढची कित्येक वर्षे न्हाणीघरात त्यांच्याबरोबर कोणी येणार नाही. रक्तदाबाच्या गोळीमागचे कारणही सांगा, कारण हिशेबी माणसाला कारण पटते : अशी गोळी घेणाऱ्या काहींचा, बसून किंवा झोपून एकदम उठले की, वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून अधिक उतरतो, गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असल्या की अधिकच, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तो त्या दोन-तीन मिनिटांचा प्रश्न असतो, अपंगत्वाचा नव्हे. डॉक्टरांना बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा.

आणि माणूस पाठवू नका, स्वतः या. शनिवारी सकाळी खडू घेऊन बाबांबरोबर न्हाणीघरात उभ्या राहा आणि दांडा कोठे हवा ते त्यांनाच विचारा. खूण त्यांच्या हाताने होऊ द्या, रंग त्यांना निवडू द्या. एकच दांडा बसवायला ते तयार झाले, तर तो बसल्या जागेवरून उठताना हाताशी येईल असा अंघोळीच्या जागी बसवा. दुसरा दिवाळीला आलात की.